दुसरी मेघना सावंत

मुंबईत सावंतांना तोटा नाही. त्यात मेघना सावंत नावाच्या तीन बायका नाव कमावून होत्या: गिरगावातल्या नाट्यसंगीत गाणाऱ्या, लालबागच्या वकील आणि कबड्डीच्या माजी कर्णधार. गिरगावच्या मेघनाताईंना कधी कबड्डी सामन्याच्या उद्घाटनाचं बोलावणं यायचं, कधी चाळीतल्या भाडेकरूंचे खटल्यासाठी फोन. त्या हसून खरा नंबर द्यायच्या.

शिवडीच्या चाळीला आग लागून दोन म्हातारी माणसं गेली, तेव्हा मात्र हसणं थांबलं. आग लावून पळणाऱ्यांना वकील मेघनाने पाहिलं होतं. उद्या तिची कोर्टात साक्ष, अशी बातमी एका चॅनेलवर झळकली आणि खाली फोटो लागला गिरगावच्या मेघनाताईंचा.

त्यांनी लगेच चॅनेलला फोन केला. "बघतो मॅडम," एवढंच उत्तर मिळालं. थोड्या वेळाने वकील मेघनाचाच फोन आला.

"ताई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास. मी घर सोडून वरळीला मावशीकडे आलेय. उद्या दुपारी साक्ष झाली की सुटले. तोवर तुम्ही बाहेर पडू नका."

पण सकाळी दादरला त्यांचा गाण्याचा क्लास होता. "मी कोणाचं काय घोडं मारलंय?" असं नवऱ्याला, राजेशला, म्हणून त्या निघाल्या. शिकायला मुली यायच्या आधी क्लासची खोली उघडून त्या तंबोरा लावत बसल्या, तेवढ्यात दोन माणसं आत आली. एकाने दाराला आतून कडी घातली. दुसरा चपला न काढताच सतरंजीवर बसला.

"कोर्टात जायचं नाय, मॅडम."

"तुम्ही चुकलात. मी ती नव्हे. मी गाते."

त्याने खिशातला मोबाइल काढून टीव्हीवरचा फोटो दाखवला. मग शांतपणे म्हणाला, "गाता ना? मग गाऊन दाखवा."

मेघनाताईंनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं सांभाळलेला गळा. पण त्यातून नुसती हवा आली. जीभ टाळूला चिकटली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तर खोकल्याची उबळ आली. कडीपाशी उभा असलेला हसला.

"मग ती दुसरी कुठाय? सांगा, आम्ही निघतो."

वरळी. एवढा एकच शब्द, तो अगदी ओठांवर आला होता. तो उच्चारला की ही माणसं उठतील, दार उघडेल, मुली आत येतील.  साडीच्या निऱ्या मेघनाताईंनी मुठीत गच्च धरल्या.

"दुसरी कोणी नाही," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मीच ती. नाही जाणार कोर्टात."

"हे आधीच बोलायचं ना."

ते दोघे तिथेच बसून राहिले. मुलींनी दार ठोठावलं, तेव्हा मेघनाताईंना आतूनच "आज क्लास नाही" असं सांगावं लागलं. पावलं जिन्यावरून उतरत गेली. ती ऐकताना त्यांना वाटलं, आपल्याला कोणी पुन्हा बघणार नाही.

दुपार टळल्यावर त्या माणसाचा मोबाइल वाजला. पलीकडून शिव्या ऐकू आल्या. साक्ष झाली होती. तो मेघनाताईंकडे बराच वेळ बघत राहिला. मारील, असं वाटून त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं, आणि तंबोरा आडवा पडला होता.

पोलिसांत तक्रार झाली. एक जण सापडला, दुसरा नाही.

आठवड्याने वकील मेघना गिरगावात भेटायला आली. 

"त्यांना वरळी का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते गं," मेघनाताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू."

इतक्यात दारावरची बेल वाजली. दोघीही जागच्या हलल्या नाहीत. राजेशने जाऊन दार उघडलं. इस्त्रीवाला होता. कपडे घेऊन राजेशने दार लावलं, कडी घातली, आणि ती नीट बसली की नाही हे मेघनाताई स्वतः उठून बघून आल्या.