एक वाटी पालेभाजी

शिंपीणबाईंचा राग कधी तोंडावाटे बाहेर पडला नाही. तो थेट ताटात उतरायचा. नवऱ्याशी बिनसलं की त्याच्यापुढे उकडलेला बटाटा आणि मीठ. समेट झाला की पालेभाजीचा ढीग, वर नणंदेने आणून दिलेल्या ताकदीच्या टॉनिकचे दोन चमचे. तीस वर्षं असंच चाललं, आणि कुणाचं काही बिघडलंही नाही.

मग नवऱ्याच्या, म्हणजे घड्याळजींच्या, हृदयात कृत्रिम झडप बसली. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. दर पंधरवड्याला रक्त तपासायचं, ते किती पातळ आहे याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. आणि हा पठ्ठ्या एकदा दीडवर, एकदा पाचवर! पाचच्या वेळी दात घासताना रक्त थांबेना, तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"गोळ्या चुकवता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी?" घड्याळजींना भारी लागलं. सेकंदाचा हिशेब ठेवणारा माणूस तो.

"मग रोज काय खाता ते लिहून आणा."

वही अर्थातच बाईंनी लिहिली. पंधरा दिवसांनी ती चाळताना डॉक्टरीणबाई थबकल्या. "तीन दिवस नुसता बटाटा, मग दोन दिवस एवढी पालेभाजी आणि नणंदेचं टॉनिक? हे कुठलं पथ्य?"

"भांडण झालं होतं," बाई पुटपुटल्या.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. "अहो, पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. तुमच्या टॉनिकमध्येही ते आहे. नणंदबाईंना ते मानवत असेल, यांना नको. भाजी मात्र सोडू नका. रोज एक वाटी, तेवढीच. गोळी मी त्या वाटीला जुळवून देते. भांडा, खुशाल भांडा, पण वाटीवर राग काढू नका."

घरी आल्याबरोबर बाईंनी टॉनिकची बाटली नणंदेकडे परत पाठवली. रागाने तर सोडाच, पण आपण लाड करूनही या माणसाला मारायला निघालो होतो, हे त्यांच्या जिवाला फार लागलं.

त्या दिवसापासून वाटी काठोकाठ, कमी नाही की जास्त नाही. आकडा तीनवर आला आणि तिथेच राहिला.

दोन महिन्यांनी घड्याळजी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर बोलून गेले, "आमच्या हिचं काय, फाटकं-तुटकं जोडते झालं." बाई मागेच उभ्या होत्या. अंगात आग पेटली, पण रात्री वाटी काठोकाठच आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी घड्याळजी घास हातात धरून बसून राहिले. वाटीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. काही उमजेना.

"तू रागावली आहेस का गं?"

तीस वर्षांत हे विचारायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. मग भाजी पार गार होईपर्यंत त्या बोलत राहिल्या. घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं, "चुकलो," म्हणाले, आणि ती गार भाजी शेवटच्या पानापर्यंत संपवली.