सुरसतीची साक्ष

दाराची कडी बसेना. आप्पांनी आधी हाताने ढकलली, मग खांद्याने रेटली, मग स्वयंपाकघरातून खोबरेल आणून बोटाने चोळलं. पण दिवसाउजेडी ती कधी लागलीच नव्हती, तिला सवय कुठून असणार! शेवटी बत्त्याचा एक ठोका घातला तेव्हा कशीबशी सरकली. आप्पांनी घाम पुसला आणि ओटीवरच्या गणपतीकडे न बघता ते खुर्चीत जाऊन बसले.

"लागली?" आतून पद्माताईंनी विचारलं.

"लागली."

"पेपरात द्या मग. एवढा पराक्रम केलात तो."

वेणीमाधव हे आप्पांचं नाव, पण पाठशाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यापासून त्या नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. घरात आप्पा, गल्लीत पंडितजी. ते बसले आणि लगेच उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. घड्याळ बघितलं. आरतीची वेळ झाली होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"का हो पंडितजी, आज गणेशजी सो रहे हैं का?"

सुरसती. काशीतल्या बालाजी घाटाच्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे फुलं आणि दूर्वा घेऊन बसणारी. वय आप्पांएवढंच, सत्तरीच्या पुढे. पद्माताई उठल्या तशी आप्पांनी हातानेच त्यांना थांबवलं. पुन्हा थाप. मग थोडा वेळ काहीच नाही. मग खिडकीच्या गजांतून दूर्वांची जुडी आत आली आणि फरशीवर पडली.

"रख दिए हैं। पूजा मत रोकिएगा।"

तिच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरत गेला.

"दारातून परत गेली बाई," पद्माताई म्हणाल्या. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा. आता आणखी काय काय करायचं ते तुमच्या त्या वकिलाला विचारून घ्या."

"माझा कसला? तुझ्या बहिणीचा मुलगा आहे तो."

"पण डोकं तुमच्या वळणावर गेलंय."

खरं सांगायचं तर हे सगळं आप्पांनी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं. घाटापर्यंत रुंद रस्ता न्यायचा सरकारने ठरवला, त्यात या ओळीतली घरं जाणार होती. फाल्गुनात दोन माणसं टेप घेऊन मोजायला आली. आप्पांनी त्यांना बसवलं, पेढे दिले, पाणी दिलं. मकान कुणाचं, असं त्यांतल्या एकाने विचारलं तेव्हा आप्पांना चेव आला. काशीतल्या मराठी माणसाला आपल्या गणपतीबद्दल बोलायला मिळालं की तो थांबतो थोडाच!

"ये घर हमारा कहाँ, भैया? गणपति का है। हम तो रखवाले हैं। दरवाजा दिनभर खुला, पूरी गली आती है, कोई किसी से पूछता नहीं।"

त्या माणसाने मान डोलावत सगळं लिहून घेतलं. आणखी एक पेढाही घेतला.

दोन महिन्यांनी कागद आला. त्यात घर नव्हतंच. 'सार्वजनिक गणेश मंदिर' होतं, आणि त्यात राहणारं 'पुजारी परिवार'. मूर्तीची सोय सरकार दुसरीकडे करणार होतं, पुजाऱ्यांनी जागा मोकळी करायची होती. मालक म्हणून हरकत घ्यायची तर आधी मालक असावं लागतं, आणि कागदावर आप्पा मालक नव्हते. आप्पांनी तो कागद तीनदा वाचला. पणजोबांनी बांधलेल्या घरात ते पुजारी झाले होते!

मग अनिमेष आला. पद्माताईंचा भाचा, दिवाणी कोर्टात वकिली करणारा, चलाख पोरगा. त्याने दावा दाखल केला आणि आप्पांना समोर बसवून समजावलं.

"काका, कोर्ट एकच गोष्ट बघणार. बाहेरची माणसं इथे हक्काने येतात, की तुम्ही येऊ देता म्हणून येतात? हक्काने येत असतील तर देऊळ. तुमच्या मर्जीने येत असतील तर घरचा देव, आणि घर तुमचं."

"यात हक्क आणि मर्जी कुठून आली? येतात म्हणजे येतात."

"हे वाक्य कचहरीत चुकूनही बोलू नका."

"मग काय बोलू?"

"दार बंद ठेवा आजपासून. आणि मला एक साक्षीदार पाहिजे. गल्लीतला, बाहेरचा, रोज दिसणारा. त्याने सांगायचं की आम्हाला तिथे काही हक्क नाही, बोलावलं तर जातो." अनिमेषने चहा संपवला. "सुरसतीच बेस्ट."

पद्माताई ताडकन म्हणाल्या, "तिला खोटं बोलायला लावणार तू?"

"मावशी, खोटं नाही. फक्त थोडं कमी खरं."

पुढचे चार दिवस आप्पांना चैन पडेना. जेवताना उठायचे, पोथी उघडून मिटायचे, दाराशी जाऊन कडी बघून यायचे. पाचव्या दिवशी ते पायऱ्यांच्या तोंडाशी गेले. सुरसती मांडीवर फडकं पसरून दूर्वांच्या जुड्या बांधत होती. आप्पा तिच्यासमोरून एकदा गेले, शिंदे घाटाकडे वळून परत आले, पुन्हा गेले.

"टहल रहे हैं कि कुछ खोया है?" तिने मान वर न करता विचारलं.

आप्पा तिच्याशेजारी पायरीवर बसले. "सुरसती, कचहरी में एक बात कहनी पड़ेगी।"

"कहिए।"

"कि तुम हमारे बुलाने पर आती हो। अपने से नहीं। और रोज नहीं।"

तिने दोरा दाताने तोडला. "माने झूठ।"

आप्पा समोर नदीकडे बघत राहिले. रामनगरच्या बाजूने एक होडी येत होती. "नहीं तो घर जाएगा," ते म्हणाले.

"और गणेशजी?"

"कहीं दूर बिठा देंगे। नई कॉलोनी की तरफ।"

सुरसतीने आणखी दोन जुड्या बांधल्या. तिचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून दुखत होते. घाटाच्या पायऱ्यांपासून आप्पांच्या ओटीपर्यंतचं अंतर सोडलं तर ती कुठेच जात नव्हती.

"उतनी दूर हमसे नहीं चला जाएगा," ती म्हणाली. "लिखवा लीजिए जो लिखवाना है।"

तारखेच्या दिवशी सुरसती धुतलेली पिवळी साडी नेसून आली होती. आधी आप्पांची साक्ष झाली. घर आमचं, देव आमचा, दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही, असं त्यांनी सांगितलं. जन्मभर ज्या तोंडाने उलटं सांगितलं त्याच तोंडाने हे सांगायचं! पण निभावलं. मग सुरसती उभी राहिली. खरं सांगेन, अशी शपथ तिने घेतली आणि पढवलेलं सगळं नीट सांगितलं. बुलाते हैं तो जाते हैं. कभी तीज-त्योहार पर. हमारा वहाँ कौन सा हक, साहब?

सरकारी वकील शांत माणूस होता, आवाज चढवून बोलणारा नव्हता. त्याने कागद खाली ठेवला.

"माताजी, इनके यहाँ सुबह आरती होती है?"

"होती होगी।"

"आपने सुनी है?"

"रास्ते से जाते-आते सुनी होगी।"

"आपको आती है?"

आप्पांनी मान खाली घातली. ती आरती सुरसतीला येत होती म्हणजे काय, ती आरती सुरसतीचीच होती. मराठीचा एक शब्द तिला कळत नव्हता, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळी पाठ. लग्न होऊन गल्लीत आली तेव्हापासून दाराशी उभी राहून ऐकत ऐकत ती उचललेली. गेली काही वर्षं आप्पांचा आवाज बसला होता, पद्माताई हळू म्हणत; आरती उचलायची ती सुरसतीनेच, वरच्या पट्टीत, टाळ्या वाजवत. गल्लीतली माणसं तिचा आवाज ऐकून ओटीवर जमत. नवी सून आली की तिला ही आरती सुरसतीच शिकवत असे.

"माताजी?"

"मराठी में है, साहब," सुरसती म्हणाली. "हम का जानें। नहीं आती।"

"एक लाइन भी नहीं?"

तिने आप्पांकडे बघितलं नाही. "एक भी नहीं।"

तिचं म्हणणं टाइप झालं, तिला वाचून दाखवलं, तिने अंगठा उठवला आणि शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसली. अनिमेषने आप्पांचा दंड खूष होऊन दाबला. आप्पांना लाज वाटत होती. एवढी की रिक्षात सुरसतीच्या शेजारी बसवेना, म्हणून ते पुढे चालकाजवळ बसले आणि घर येईपर्यंत रस्त्यातल्या पाट्या वाचत राहिले.

तीन आठवड्यांनी हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत घराला हात लावायचा नाही. अनिमेष मिठाईवाल्याकडून लौंगलता घेऊन आला, पद्माताईंच्या पाया पडला. गल्लीतल्या चार जणांनी येऊन आप्पांना मिठ्या मारल्या. दार आता उघडायला हरकत नाही, फक्त जरा सांभाळून, असं अनिमेषने सांगितलं. सांभाळून म्हणजे काय हे आप्पांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी कडी काढली आणि दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली.

आरतीला माणसं आली. सुरसतीही आली, दूर्वा घेऊन, नेहमीच्या जागी खांबाशी उभी राहिली. आप्पांच्या जिवात जीव आला. त्यांनी निरांजन पेटवलं, घंटा हातात घेतली आणि वाट बघितली. तिने उचलायची, मग सगळ्यांनी धरायची, अशीच रीत होती.

कुणी उचलेना.

आप्पांनी मागे वळून बघितलं. सुरसती मूर्तीकडे बघत हात जोडून उभी होती. शेवटी त्यांनीच सुरुवात केली, बसक्या आवाजात. लोकांनी अडखळत साथ दिली. दुसऱ्या कडव्यात सगळेच चुकले, कारण शब्द धरून ठेवणारा आवाज त्यात नव्हता. सुरसती टाळ्या वाजवत होती, अगदी तालात. ओठ मिटलेले.

माणसं पांगल्यावर पद्माताईंनी तिच्या हातावर प्रसाद ठेवला. "गला खराब है क्या?"

"गला ठीक है।"

"फिर गाया क्यों नहीं?"

"आती कहाँ है, बहिनी?" सुरसती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि थट्टाही नव्हती. "कसम खाके बोल आए हैं। अब गाएँगे तो इनके सामने झूठे पड़ेंगे।"

आप्पा पुढे आले. घंटा अजून त्यांच्या हातातच होती. "अरे, वो कचहरी की बात थी! यहाँ कौन पूछ रहा है?"

"ये तो वहाँ भी रहे होंगे, पंडितजी," ती मूर्तीकडे हात करून म्हणाली.

आप्पा ओटीवर इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. मग एकदम थांबले. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, त्याला एकच उपाय ठाऊक.

"तो सीख लो। नहीं आती थी तब नहीं आती थी। मैं सिखाता हूँ, आज से। फिर गाओगी तो झूठ कहाँ?"

सुरसतीचा चेहरा उजळला. क्षणभरच. मग तिने विचार केला आणि मान हलवली.

"अभी मुकदमा चल रहा है न। फिर बुला लिया और पूछ लिया तो? आपका घर चला जाएगा।" तिने पदराला हात पुसले. "फैसला हो जाने दीजिए। फिर सिखाइएगा, हम सीखेंगे।"

दोन्ही हातांनी गुडघे धरत ती उंबऱ्यावरून उतरली आणि आपल्या जागेकडे गेली.

आप्पांनी घंटा देवापुढे ठेवली आणि आत जाऊन फोन उचलला. पद्माताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"अनिमेष, एक सांग मला. या खटल्याचा निकाल कधी लागेल?"

पलीकडून अनिमेष मोठ्याने हसला. एवढा, की पद्माताईंनाही ऐकू गेलं.

"अहो काका, तुम्ही कशाला घाबरता? आरामात झोपा. पंधरा-वीस वर्षं तर मी त्याला हलूच देत नाही!"