शेवटपर्यंत बघणारी माणसं

सरांनी आयुष्यभर काँक्रीट शिकवलं. काँक्रीट हा काही आयुष्यभर पुरेल असा विषय नव्हे, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण सरांना तो पुरला आणि वर उरलाही. निवृत्त झाल्यावर जे उरलं ते घेऊन ते घरात बसले आणि ते सगळं काकूंच्या वाट्याला यायला लागलं. भाजी चिरताना सिमेंट, कपडे वाळत घालताना खडी. शेवटी पुतणीला काकूंची दया आली. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती, त्यामुळे तोंड उघडं ठेवणाऱ्या माणसांची तिला सवय होती.

"काका, तुम्ही हे सगळं फोनसमोर बोला," ती म्हणाली. "जगाला ऐकू दे. फुकट तर आहे."

अशा रीतीने मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, 'काँक्रीट: एक ओळख' ही मालिका सुरू झाली. टेबलावर वाळू, खडी आणि सिमेंटचे वाडगे, मागे फळा, फळ्यापुढे सर, आणि सरांपुढे फोन धरून काकू. फोनसाठी स्टँड आणला होता, पण मुद्दा ठसवायला सरांनी टेबलावर बोट आपटलं की तो कोसळायचा. काकूंचा हात कोसळत नसे. कोपर कपाटाला टेकवून त्या भाग संपेपर्यंत पुतळ्यासारख्या उभ्या राहत.

सरांच्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या आवाजामुळे घडलं. तो वाईट नव्हता, सपाट होता. चांगल्या गवंड्याने केलेल्या गिलाव्यासारखा. कुठे फुगवटा नाही, कुठे खळगा नाही. वर्गातली मुलं त्याला काय म्हणत हे सरांना कधी कळलं नाही, कारण मुलं त्या वेळी बहुधा जागी नसत.

तरीही मालिका चालली. अशी चालली की पुतणीच चक्रावली. बघणारे हजारांनी वाढले, खाली अभिप्राय पडू लागले. सुरुवातीलाच कुणीतरी 'चेहराही सिमेंटचाच' असं लिहिलं आणि सरांचा रक्तदाब असा चढला की डॉक्टरांनी त्यांना अभिप्राय वाचायची बंदी केली. ते काम काकूंकडे आलं. दुपारच्या चहाला चष्मा लावून त्या सरांना अभिप्राय वाचून दाखवत, आणि वाचता वाचता दुरुस्त करत.

रात्रपाळीच्या एका बस ड्रायव्हरने लिहिलं होतं, 'सर, दिवसा झोप म्हणून लागत नव्हती. तुमचा खडीचा भाग लावला आणि पाच मिनिटांत आडवा झालो.' काकूंनी वाचलं, "सर, खडी म्हणून कळत नव्हती. तुमचा भाग लावला आणि पाच मिनिटांत डोक्यात प्रकाश पडला." एका बाळंतिणीने लिहिलं होतं, 'आमचं बाळ फक्त तुमच्याच आवाजावर झोपतं.' काकू म्हणाल्या, "यांच्याकडे घरातले लहानथोर सगळे ऐकतात म्हणे."

सरांच्या अंगावर मूठभर मांस चढे. खोटं बोलल्याचं काकूंना फारसं वाईट वाटत नसे. ज्याने सगळी नोकरी जांभयांसमोर काढली, त्याला उतारवयात आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटलं, तर कुणाचं काय बिघडलं? नवरा आनंदात असलेला त्यांना आवडत होता, इतकी साधी गोष्ट होती ती.

घोडं अडलं ते आलेखापाशी. एका रविवारी पुतणी आली आणि तिने सहज फोनवरचा आलेख उघडून दाखवला. "नवलच आहे, काका. लोक कुठलाही व्हिडिओ मिनिटभर बघतात आणि सोडतात. तुमचा मात्र जो लावतो तो शेवटपर्यंत चालू ठेवतो. काहीजण तर पुढचे भागही लागोपाठ."

झोपलेला माणूस व्हिडिओ बंद कसा करणार, हे काकूंना लख्ख दिसत होतं. सर मात्र खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"शेवटपर्यंत," ते म्हणाले. "वर्गात कधी कुणी घंटेपर्यंत थांबलं नाही. आणि इतकं मन लावून ऐकणाऱ्यांना आपण हे फुकट देतो? फुकटात मिळालेल्याची कदर राहत नाही. वर्गणी लावायची."

"अहो, कशाला ते? चाललंय ते बरं चाललंय."

"चारच विद्यार्थी उरले तरी चालतील, पण ते खरे असतील. मला एकदा कळू दे तरी, खरे किती आहेत."

काकूंना तेच कळू द्यायचं नव्हतं. एकही उरला नाही की सर विचारणार, मग तू मला रोज वाचून काय दाखवत होतीस? पण सरांनी एकदा मनावर घेतलं की त्यांचं मन त्यांच्या विषयासारखंच होतं. वर्गणी ठरली महिन्याला एका चहाच्या किमतीएवढी. जुने-नवे सगळे भाग कुलपात गेले. त्या दिवशी काकूंनी तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा साखर विसरल्या.

आणि लोक आले की हो! सगळे नाही, पण शेकड्यांनी आले. झोपेची किंमत ज्याला झोप नाही त्यालाच ठाऊक, आणि ती एका चहात मिळत असेल तर कोण सोडतो? काकूंचा जीव भांड्यात पडला. सरांनी रेकॉर्डिंगसाठी नवा शर्ट घेतला.

पण माणसाची जात मोठी विचित्र. फुकट होतं तोवर लोक सरांना लावून खुशाल घोरत होते. पैसे भरल्यावर त्यांना घोरवेना. चांगले पैसे मोजले ते काय डोळे मिटायला? तिकीट काढून नाटकात झोपणाऱ्याला निदान शेजारचा कोपराने ढोसतो. इथे ढोसणारा ज्याच्या त्याच्या पोटातच बसला होता. उशीवर डोकं ठेवून, डोळे ताणून, माणसं खडीचे प्रकार ऐकायला लागली.

अभिप्राय बदलले. 'सर, नदीची वाळू आणि दगड भरडून केलेली वाळू, यात फरक काय?' काकू सवयीने दुरुस्तीसाठी थांबल्या, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. पण आलेख मात्र धाडकन खाली आला. जाग्या माणसाला दारावरची घंटा ऐकू येते, दूध उतू जातंय ते आठवतं, एखादं वाक्य कळलं नाही तर तो मागे जातो. कुणीच शेवटापर्यंत पोचेना.

सरांचा चेहरा उतरला. "पैसे घेतले आणि लोक अर्ध्यावर सोडायला लागले. म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय." त्यांनी हात पुढे केला. "दे तो फोन. मी स्वतः वाचतो."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला..."

"डॉक्टरांना काँक्रीट कळत नाही."

सगळ्यात वर ड्रायव्हरच होता. 'सर, राग मानू नका. फुकट होतं तेव्हा तुमच्यामुळे मला सोन्यासारखी झोप लागायची. पैसे भरल्यापासून वाटतं, ऐकलं पाहिजे. ऐकत बसलो की झोप उडते. काल गाडीवर नुसत्या जांभया देत होतो. एक तर वर्गणी परत करा, नाहीतर मला झोपायची परवानगी द्या.' त्याखाली लोकांनी लिहिलं होतं, 'मलाही.' 'आमच्या बाळालाही.' बाळ तर बिचारं अजून झोपत होतं, पण आता आई जागी राहत होती.

सर मागे मागे गेले, जुन्या अभिप्रायांपर्यंत. खडीच्या भागापाशी त्यांचं बोट थांबलं.

"खडी म्हणून कळत नव्हती," ते सावकाश म्हणाले. "डोक्यात प्रकाश पडला."

काकूंना मान वर करवेना. लाज वाटली, आणि भीतीही. आता हा माणूस आपल्यावर कधी विश्वास ठेवणार नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि रक्तदाबाचं मात्र त्यांना आठवलंसुद्धा नाही.

सर फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने दाराआडून त्यांचाच आवाज ऐकू यायला लागला. स्वतःची परीक्षा घ्यायला त्यांनी स्वतःचाच भाग लावला होता. काकू बाहेर कान देऊन उभ्या राहिल्या. आवाज चालू होता, चालू होता, आणि मग त्या आवाजाच्या जोडीला दुसरा आवाज आला. त्यांनी दार लोटून पाहिलं. सर आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होते आणि छातीवरचा फोन त्यांना सिमेंटचे प्रकार समजावून सांगत होता. काकूंना हसू फुटलं. पदर तोंडाशी धरून त्या पोटभर हसल्या, आणि मग त्याच पदराने त्यांनी डोळे पुसले.

सर जागे झाले तेव्हा काकू समोरच्या स्टुलावर बसलेल्या होत्या.

"मीसुद्धा," सर म्हणाले.

"हो."

"सगळेच झोपत होते."

"हो."

"आणि तू? तू किती वेळा झोपलीस?"

"माझ्या हातात फोन असायचा."

"म्हणजे नाइलाज."

आता मात्र काकूंचा पारा चढला. इतका वेळ ऐकून घेतलं ते अपराधी वाटत होतं म्हणून. पण हे त्यांना लागलं.

"नाइलाज कसला? त्या पाण्याखालच्या काँक्रीटचं काय झालं ते आधी सांगा."

"कुठल्या?"

"पुलाच्या खांबांचा भाग. तुम्ही म्हणालात, काँक्रीट पाण्यात बुडलेलं असलं तरी घट्ट होतं, कसं ते पुढच्या भागात सांगतो. पुढच्या भागात तुम्ही सळयांवर गेलात. त्याच्या पुढच्यात तड्यांवर. मी तेव्हापासून वाट बघतेय. पाण्यात ते वाळणार कसं? आणि वाळणार नाही, तर घट्ट कसं होणार? चपात्या लाटताना माझ्या डोक्यात तेच घोळत असतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"व्हिडिओत माझा आवाज आला असता."

सरांनी बोटांवर भाग मोजून पाहिले. एवढ्या हजारो माणसांत एक भाग द्यायचा राहिलाय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खुद्द त्यांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतणीला बोलावून सगळ्यांची वर्गणी परत करायला लावली. ती कुरकुरली. "काका, चांगले पैसे येतायत."

"झोपायला आलेल्या माणसाकडून पैसे घेऊन त्याला जागं ठेवायचं, हा छळ झाला," सर म्हणाले. मग नवा शर्ट घालून फळ्यासमोर उभे राहिले. काकूंनी कोपर कपाटाला टेकवलं.

"आजपासून हे पुन्हा फुकट आहे," सर म्हणाले. "ज्यांना झोपायचंय त्यांनी निवांत झोपावं. मी आवाज चढवणार नाही. पण एक प्रश्न आलेला आहे आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय." ते फोनकडे बघत नव्हते, फोनच्या थोडं वर बघत होते. "काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सगळ्यांचा तसाच समज असतो. सिमेंट पाणी स्वतःत मुरवून घेतं आणि त्या पाण्यानेच घट्ट होतं. म्हणून पाण्याखाली त्याचं काही अडत नाही. आणि हे काही एका दिवसात संपत नाही. वर्षानुवर्षं ते आतून घट्ट होतच राहतं."

आवाज तसाच होता, सपाट. पण काकूंचं कोपर कपाटावरून दोनदा घसरलं.

दुपारी चहाला त्यांनी चष्मा लावला. ड्रायव्हरचा अभिप्राय आला होता. काकूंनी घसा साफ केला आणि आहे तसा वाचला.

"सर, पैसे मिळाले, आभारी आहे. पण आज व्हिडिओ सारखा हलत होता, त्यामुळे झोप लागली नाही. मग सगळं ऐकलं. ते वाळून घट्ट होत नाही हे मला माहीत नव्हतं. बायकोलाही हाक मारून सांगितलं."

सरांनी कप खाली ठेवला. काकूंनी फोन त्यांच्याकडे वळवून धरला, म्हणजे त्यांना खात्री करून घेता येईल.

सरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "असू दे," ते म्हणाले. "तू वाचलंस ना."