चुकांचं पान

"आधी लिही. घाबरायला मग अख्खा दिवस पडलाय."

मोठ्या सरांचं हे वाक्य ताईंच्या कानात बारा वर्षं मुक्कामाला होतं. नव्या असताना त्यांनी एका गोदामाची तीन दिवसांची नोंद चुकून पुसली होती आणि तसं सांगायला सरांपुढे उभ्या होत्या. सरांनी न रागावता खुर्ची पुढे सरकवली. त्या दिवशी 'चुकांचं पान' सुरू झालं.

इतर कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारं ते ऑफिस. तिथे एकच चूक चारचौघांच्या हातून व्हायची, कारण पहिल्याने ती गिळलेली असायची. म्हणून रीत पडली. ज्याचं चुकलं त्याने काय चुकलं, कसं सावरलं हे लिहून ताईंकडे द्यायचं. ताईंनी ते तपासून स्वतःच्या नावाने पानावर चढवायचं. करणाऱ्याचं नाव फक्त ताईंच्या पोटात. निवृत्त होताना सर म्हणाले होते, "ते पोटातच राहू दे." ताईंनी शब्द दिला होता.

आता नवे साहेब आले होते आणि त्यांच्याबरोबर 'ज्ञानसंस्कृती' आली होती. तिचे फलक लिफ्टमध्ये लागले, हात धुवायच्या बेसिनवरसुद्धा. सोमवारी साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, तुमचं पान म्हणजे सोन्याची खाण आहे हो. यंदाच्या सत्तेचाळीस चुका. आता प्रत्येकीपुढे नाव तेवढं टाका. शुक्रवारच्या बैठकीत पडद्यावर लावू."

"नावं कशाला, साहेब?"

"कोण शिकतंय नि कोण नाही, कळायला नको? वार्षिक शेरे लिहायचेत मला."

ताई बाहेर आल्या. सत्तेचाळीसपैकी नऊ चुका चिमणीच्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी लागलेली ती पोरगी साधा स्वल्पविराम चुकला तरी लिहून आणायची. आणि उस्ताद, ज्याचे घोळ निस्तरताना अर्धा मजला घामाघूम व्हायचा, त्याच्या नावावर भोपळा. म्हणजे खरं बोलणारीच्या पाठीत रट्टा आणि लपवणाऱ्याच्या गळ्यात हार.

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? मंगळवारपासून ताईंच्या टेबलावर एकही चिठ्ठी आली नाही. बुधवारी पाण्याच्या मशीनपाशी चिमणीने त्यांना गाठलं.

"ताई, माझ्या नऊ आहेत ना? दोनतीन पुसता येतील?"

"पुसल्यावर पुढच्या माणसाने त्याच खड्ड्यात पडायचं का?"

"त्यालाही पडू दे की," चिमणी म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

गुरुवारी सकाळी ताईंचंच चुकलं. बुटांच्या चाळीस दुकानांना त्यांनी आजच्याऐवजी कालचं दरपत्रक पाठवलं. दहा मिनिटांत सुधारलं, कुणाला पत्ताही लागला नाही. लिहायला म्हणून त्यांनी पान उघडलं आणि बंद केलं. बारा वर्षांत पहिल्यांदा हात आखडला होता. साहेबांच्या हुकमापेक्षा त्यांना याचीच जास्त धास्ती वाटली.

घरी सासूबाई धुतलेल्या चादरीचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. ताईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय करू?"

"शब्द देताना मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग मोडताना कशाला विचारतेस? नीट ताण ती चादर."

शुक्रवारी बैठकीची खोली गच्च भरली. ताईंनी यादी पडद्यावर लावली. सत्तेचाळीस चुका, आणि प्रत्येकीपुढे एकच नाव, ताईंचं.

मागून कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी चष्मा वर केला. "ही थट्टा आहे का?"

"नाही साहेब. रेकॉर्डवर आहे तेच लावलंय. तपासून मीच चढवलंय सगळं."

"मला खरी नावं हवीत."

"ती मिळणार नाहीत." ताईंचा आवाज नेहमीसारखाच, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतका. पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता. "नाव लागलं की उद्यापासून पान कोरं. मग बेसिनवरचे फलक वाचून शिकावं लागेल सगळ्यांना."

"हे तुमच्या शेऱ्यात येईल, ताई."

"येऊ दे. सत्तेचाळीस चुका करणाऱ्या बाईला चांगला शेरा दिलात तर लोक तुम्हाला हसतील."

उस्तादाने मान खाली घातली. साहेबांनी पडदा बंद करायला सांगितला आणि पुढचा विषय घेतला. यादीचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. ताईंनीही विचारलं नाही.

जागेवर येऊन त्यांनी पदराने चष्मा पुसला. पलीकडच्या टेबलावरून चिमणी चोरून बघत होती. ताईंनी पान उघडलं, अठ्ठेचाळीस आकडा घातला आणि सावकाश लिहू लागल्या : काल सकाळी मी चाळीस दुकानांना जुनं दरपत्रक पाठवलं.