जार्लथसाठी गावाचा उपास

“सकाळपासून पोटात कोऱ्या चहाशिवाय काही नाही, आणि हा पठ्ठ्या अजून गावात उगवलाही नाही,” माझ्या मागच्या बाकावर मॉसी ग्लीसन बायकोच्या कानात कुरकुरला. चर्चमध्ये रविवारची प्रार्थना चालू होती, त्यामुळे ही कुरकुर देवाच्या आधी माझ्या मानेला लागली.

“नियम कुणी काढला?” बायको म्हणाली.

“मीच काढला. म्हणून काय मला भूक लागू नये?”

नियम असा, की आमच्या बॅलीनाकरा गावचा जॉकी जार्लथ ब्रेहनी घरी आला की गावात त्याच्यासमोर कुणी खायचं नाही. जॉकीला घोड्यावर चढण्याआधी वजनकाट्यावर चढावं लागतं, वजन जास्त भरलं तर घोडा मिळत नाही, आणि काटा कुणाच्या आईचं ऐकत नाही. सपाट मैदानावरच्या शर्यतींपेक्षा घोड्याने कुंपणं ओलांडायच्या उड्यांच्या शर्यतीत जॉकीला थोडं जास्त वजन चालतं. पण जार्लथ बापासारखा हाडापेराने मोठा, त्याला तेवढंही पुरत नाही. तो कढत पाण्यात बसून घाम काढतो, अर्धं अंडं खातो आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघत बसतो. एकदा असाच तो पबात आला, तेव्हा मॉसी सॉसेज खात होता. जार्लथने त्या सॉसेजकडे असं काही पाहिलं, की मॉसीने ते तोंडातून काढून कोटाच्या खिशात ठेवलं. त्याच आठवड्यात जार्लथ पंचेस्टाउनची शर्यत जिंकला. झालं. तेव्हापासून गाव उपाशी.

आधी नुसतं त्याच्यासमोर खायचं नाही, एवढंच होतं. मग तो यायच्या दिवशी सकाळपासूनच उपास सुरू झाला. मग बेकरीवाल्याने काचेवर वर्तमानपत्रं चिकटवली. मग फादर फीहन वेदीवरची प्रसादाची पापुद्र्याएवढी भाकर, तीसुद्धा मोडून अर्धी हातावर ठेवू लागले. मॅगी टूमीने आपल्या कोंबड्या परसात नेल्या, कारण रस्त्याकडेला त्या दिवसभर उघड उघड टिपत असायच्या. माझं तर दुकानच तळणीचं. बटाट्याच्या बोटभर फोडी आणि पिठात घोळवलेला मासा, यापलीकडे मला काही येत नाही. जार्लथ आला की माझी कढई थंड. कुणी विचारलंच तर ‘तेल बदलतेय’ म्हणायचं.

आणि आता तर त्याने विक्रम मोडला होता. या देशात उड्यांच्या इतक्या शर्यती आजवर कुणीच जिंकलेल्या नव्हत्या. सत्कार करायलाच हवा, आणि आमच्याकडे सत्कार म्हणजे जेवण. पण येत्या शनिवारी जार्लथला पुन्हा मोठी शर्यत होती. गावाची सत्कार समिती दोन वेळा बसली आणि मॉसीने मधला मार्ग काढला. जेवण ठेवायचं, अन्न ठेवायचं नाही.

त्याच रविवारी, सत्काराच्या दिवशी, दुपारी पेग ब्रेहनी माझ्या दुकानाच्या मागच्या दाराने आली. जार्लथची आई. एरवी ती पुढच्या दाराने येते आणि आधी हवेबद्दल बोलते.

“ब्रीज, आज कढई लाव,” ती म्हणाली.

“अगं, वेड लागलंय का? तो घरी आलाय ना?”

“आलाय म्हणूनच. एकदा पोटभर खायला लागला की तो थांबायचा नाही, आणि मग शनिवारी काट्यावर वजन जास्त भरेल.”

मी हात पुसले. “असं का करायचंय तुला?”

“गेल्या वेळी घोड्यावरून डोक्यावर पडला ना, तेव्हापासून तो मधेच हरवतो. बोलता बोलता कुठेतरी निघून जातो आणि परत येतो. मोटार आणून अंगणात उभी करतो आणि आतच बसून राहतो.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टरांना तो सांगतच नाही. सांगितलं तर घोड्यावर बसू देणार नाहीत.”

“मग तू बोल ना त्याच्याशी.”

“मी बोलले तर हट्टाने आणखी दोन वर्षं बसेल. आईचं कुठला जॉकी ऐकतो? तो गावाचं ऐकतो. आणि गाव काय म्हणतंय? आणखी एक, जार्लथ, आणखी एक!”

“पेग, समिती मला खाईल.”

“खाऊ दे. उपाशीच आहे ती.”

मी बटाटे काढले.

माझ्या मागच्या दारातून गावाच्या सभागृहाची खिडकी हाताच्या अंतरावर दिसते, आतलं बोलणंही ऐकू येतं. संध्याकाळी सगळे चांगले कपडे करून तिथे बसले होते. पांढरी चादर, काटे, सुऱ्या, घडी घातलेले रुमाल. प्रत्येकाच्या ताटलीत लेट्यूसचं एक पान, आणि सूपच्या वाडग्यात गरम पाणी. लोक त्यावर शिस्तीत फुंकर घालत होते. मॅगी टूमीने मीठ मागितलं. मधोमध तीन मजली केक होता. सुताराने पाइनच्या लाकडाचा केलेला, पांढरा रंग दिलेला, वर रंध्याच्या सालींचे गुलाब. इतका हुबेहूब, की फादर फीहननी कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यात नख रुतवून पाहिलं.

मॉसी भाषणाला उभा राहिला. जार्लथची मोडलेली हाडं तो एकेक करून सांगू लागला, जशा कुणी युद्धात जिंकलेल्या गढ्या सांगाव्यात.

“डावा खांदा! कुठे मोडला?”

“गॉलवेला!” सगळं सभागृह ओरडलं.

“मनगट?”

“लिस्टोवेलला!”

प्रत्येक हाडाला टाळ्या. जार्लथ हसत होता. कोट त्याच्या अंगावर असा लटकत होता, जणू खुंटीवरच राहिला होता. पेग त्याच्या शेजारी बसून लेट्यूसच्या पानाची घडी घालत होती, उलगडत होती.

“आणि शनिवारी?” मॉसी ओरडला.

“आणखी एक! आणखी एक!”

तेवढ्यात माझी पहिली खेप तेलातून निघाली आणि वारा माझ्या बाजूने होता. टाळ्या विरत गेल्या. सगळ्यांची नाकं एकदम खिडकीकडे वळली. मी फोडींवर मीठ आणि व्हिनेगर मारलं, थाळा उचलला आणि सरळ सभागृहात शिरले.

“ब्रीज!” मॉसी किंचाळला. “लाज आहे का तुला? शनिवार तोंडावर आलाय!”

“आज रविवार आहे, मॉसी,” मी म्हणाले आणि थाळा जार्लथपुढे ठेवला.

फादर फीहननी डोळे मिटले. प्रार्थनेसाठी की वास घ्यायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. जार्लथने एक फोड उचलली. त्याने ती तोंडाजवळ नेली, थांबला, आणि परवानगी मागावी तसं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी आपापल्या लेट्यूसकडे नजर वळवली. मग तो आईकडे वळला आणि अगदी साध्या, घरच्या आवाजात म्हणाला,

“बाबांसाठी ठेवल्यात ना थोड्या?”

त्याच्या बाबांना, टॉम ब्रेहनीला, आम्ही सगळ्यांनी मिळून पुरलं होतं. शवपेटीचा पुढचा खांदा जार्लथचाच होता.

“ठेवल्यात हो, ठेवल्यात,” मॅगी टूमी घाईघाईने म्हणाली. सुतार केककडे बघू लागला. कुणीतरी पाण्याच्या सूपचा भुरका मारला. पेगने जार्लथच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मॉसी अजून उभाच होता, भाषणाचा हात वर तसाच. तो हात हळूहळू खाली आला. मला वाटलं, आता माझ्या थाळ्याचा निकाल लागणार. पण तो टेबलाला वळसा घालून आला, जार्लथशेजारची खुर्ची ओढून धप्पकन बसला.

“तुझी एकही शर्यत मी धड पाहिलेली नाही,” तो म्हणाला. “घोडे सुटले की मी पबाच्या संडासात जाऊन बसतो. टाळ्या ऐकू आल्या की बाहेर येतो. हे सगळेही काही बघत नाहीत. कुणी बुटाची नाडी बांधतं, कुणी छताकडे बघतं. विचार त्यांना.”

सुताराने वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली.

“खा,” मॉसी म्हणाला. “सगळ्या खा. आणि शनिवारी जाऊ नकोस, पोरा. मरशील रे तू.”