दुष्काळात कोण बसणार

बेबी दीदीने यशश्रीचं मनगट दोन बोटांत धरलं आणि सगळ्या हॉलला दिसेल असं वर उचललं.

"बघा रे, बघा! असं मनगट मेकअपने होत नाही. यंदा आपला दुष्काळ एकदम असली दिसणार!"

पोरं खिदळली. यशश्रीही खिदळली, तिला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. मागच्या बाकावर बसलेल्या तिच्या आईच्या, विनताच्या, मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मनगटासाठी ती पोरीच्या जन्मापासून झुंजत आली होती. दिवस भरायच्या आधीच आलेली पोर. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावरही विनता झोपेतून दचकून उठायची आणि तिच्या नाकापाशी बोट धरून बघायची. खजूर, अंडी, तूप, नाचणीची खीर, जो जे सांगेल ते तिने केलं. शेजारीण नुसतं "पोरगी काही भरून नाही राहिली" म्हणाली तरी तिचा दिवस नासायचा. आणि इथे रविवारच्या शाळेची ही बाई तेच मनगट बक्षिसासारखं मिरवत होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मंडळीचा स्थापना दिन असतो. उपासना झाली की चर्चच्या हॉलमध्ये देखावा होतो आणि जबलपूरच्या या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचा सगळा इतिहास त्यात दहा मिनिटांत उरकतो. संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी १८९९च्या दुष्काळात मिशनचा साहेब बैलगाडी घेऊन फिरला, रेल्वेलाईनच्या कडेने पडलेली पोरं उचलून आणली, बोर्डिंगमध्ये ठेवली, खाऊ घातलं, नवी नावं दिली. त्यातून ही मंडळी उभी राहिली. स्टेजवर गोणपाट नेसलेली, गालांना काजळी फासलेली पोरं कटोरे घेऊन बसतात. टोपीवाला साहेब आणि झालरीच्या फ्रॉकातली मॅडम येऊन पाव वाटतात. पोरं पावावर तुटून पडतात. बायका डोळे पुसतात. मग एक गीत, मग चहा-समोसा.

कुणी काय व्हायचं हे कुणी ठरवत नसे, तरी सगळ्यांना ते पाठ होतं. साहेबाच्या पदरी मुनशी, मास्तर, उपदेशक म्हणून जे होते, त्यांची घरं 'बंगल्याकडची'. गाडीतून जी पोरं आली, त्यांची घरं 'बोर्डिंगकडची'. साहेब गेले त्याला जमाना झाला, बंगला पडला, बोर्डिंग पडलं. पण कमिटी बंगल्याकडची राहिली आणि दुष्काळ बोर्डिंगकडचा राहिला. विनता स्वतः लहानपणी बरीच वर्षं दुष्काळात बसली होती. तिची आई हेमलताही बसली होती. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं विनताला वाटलं नव्हतं. पाव ताजा असायचा.

सराव संपला तशी ती बेबी दीदीपाशी गेली.

"दीदी, यशीला यंदा मॅडम करा ना. तिला सगळ्यांचे संवाद पाठ आहेत."

"मॅडम?" बेबी दीदी गोणपाटांच्या घड्या करत होती. "मॅडम तर क्षमाची पोरगी आहे ना वं. दरवर्षी बंगल्याकडेच असते."

"म्हणून तर म्हणते. आणि एक विटांचा प्रवेश पण घाला. माझी पणजी होती त्या पोरांत. शकु. इथे तिला मार्था केलं. या चर्चच्या विटा तिने डोक्यावरून वाहिल्या आहेत, तिच्यासारख्या सगळ्याच पोरांनी वाहिल्या. पाव खाल्ला तेवढंच काहून दाखवता?"

"दहा मिनिटांत विटा कुठे बसवू मी, सांग! आणि पोरं विटा वाहून राहिली असं दाखवलं तर पाहुणे काय म्हणतील? साहेब मजुरी करवून घेत होता?"

"मग काय करवून घेत होता?"

बेबी दीदीने घडी जोरात आपटली. "तू बाबाराव काकांशी बोल बाई. मी फक्त पोरं बसवते."

बाबाराव म्हणजे कमिटीचे सेक्रेटरी. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आवाज मऊ, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर विनताने त्यांना चर्चच्या पायऱ्यांवरच गाठलं.

"बेटा, ही परंपरा आहे," ते म्हणाले. "कुणाला कमी लेखायचा प्रश्नच नाही. प्रभूच्या घरी सगळे सारखे. पण स्टेजवर शोभलं पाहिजे ना? साहेब गोरा, मॅडम गोरी. आता ते कसं…"

विनताने शेजारी बघितलं. बाबारावांचा नातू सौमित्र, म्हणजे यंदाचा साहेब, पायरीवर बसून बुटाची लेस चावत होता. पोरगा गोड होता आणि यशश्रीपेक्षा दोन छटा काळाच होता.

"सौमित्रला पावडर लावताच ना काका? ती डब्यात येते. माझ्या पोरीलाही लागेल."

बाबारावांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"कॉलेज शिकली आहेस, म्हणून बोलून राहिली," ते मऊपणेच म्हणाले. "त्या साहेबाने गाडी थांबवली नसती तर तू आज इथे उभी तरी असती का? थोडं उपकाराचं भान ठेव."

यावर बोलायला विनताकडे खूप होतं. पण बंगल्याकडच्यांसमोर रडायचं नाही एवढंच तिला सुचलं. ती पोरीला घेऊन निघून आली. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या घरापर्यंत ती स्कूटी चालवता चालवता एकटीच बोलत राहिली. उपकार! सव्वाशे वर्षं झाली, अजून फिटला नाही. एका पावाचा!

अनुपम, तिचा नवरा, मूळचा छिंदवाड्याचा. त्याला इथला बंगला ठाऊक नव्हता की बोर्डिंग. रिछाईच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस जेवता जेवता म्हणाला, "छोटी सी बात है यार. पाठवायचं नसेल तर नको पाठवू."

पण ते यशश्रीला कोण सांगणार? सगळ्या मैत्रिणी दुष्काळात होत्या. "मला बसायचंच आहे," म्हणून तिने असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरचे खाली डोकावले. तशात हेमलता तिच्या बाजूने. ती लेकीकडेच राहायची.

"आपण नाही बसलो तर आपल्याला कोण ओळखणार वं?" ती म्हणाली. "वर्षात त्याच एका दिवशी लोक आपल्याकडे बघतात. माझ्या वेळी तर मी अशी रडायची की पाहुण्या मडमा पण रडायच्या!"

विनताने मान तुकवली. बसू दे, म्हणाली.

शनिवारी दुपारी बेबी दीदीचा फोन आला. "हां विनता, उद्याचं एक सांगायचं राहिलं. सकाळी यशीला जास्त खाऊ घालू नको. अर्धी पोळी, बस. मागच्या वर्षी एका पोरीचं पोट भरलेलं होतं, तिने पाव नुसता हातात धरला. सगळा इफेक्ट गेला."

फोन ठेवून विनता स्वयंपाकघरात आली. हेमलता मेथी निवडत बसली होती.

"अर्धी पोळी दे म्हणते! माझ्या पोरीला उपाशी ठेव म्हणते!"

"अर्धी तर देऊन राहिली," हेमलता शांतपणे म्हणाली. "आम्हाला शनिवारी दुपारनंतर काहीच नव्हते देत. हॉलमध्येच झोपवायचे सगळ्यांना. सकाळी स्टेजवर पाव दिसला की असं रडू यायचं म्हणून सांगू! लोक म्हणायचे, हेमलता काय अ‍ॅक्टिंग करते!"

"आई, ती अ‍ॅक्टिंग नव्हती."

"मग काय होतं?"

हेमलताने मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली, मग खुडलेली पानं देठांत टाकली आणि देठ पानांत.

रविवारी सकाळी विनताने अंड्याचा पराठा केला, वर तुपाची धार सोडली. साजूक तुपातला शिरा केला, दूध केलं. "देखाव्याला ताकद लागते," तिने सांगितलं, आणि एरवी एकेका घासाला छळणारी पोर त्या दिवशी नखरे न करता ताट साफ करून उठली. ढेकर दिला. विनताला वाटलं, हेच पुरे. बसवा आता तिला हवं तिथे.

हॉल भरला होता. शहरातल्या दुसऱ्या मंडळ्यांचे पाहुणे पहिल्या रांगेत, त्यांच्याशेजारी बाबाराव आणि त्यांची सून. हेमलता डावीकडच्या बाकांवर, बोर्डिंगकडच्या बायकांत. विनता मागे भिंतीला टेकून उभी राहिली, बसवतच नव्हतं. पडदा सरकला. काजळी फासलेली यशश्री मधोमध होती, सगळ्यांत पुढे. बेबी दीदी पडद्याआडून माइकवर सांगत होती, "आणि भुकेने व्याकुळ झालेली ती लेकरं…" आणि टोपी सावरत सौमित्र आला. त्याने यशश्रीपुढे पाव धरला.

"घे बाळ, खा."

यशश्रीने पावाकडे बघितलं. मग सौमित्रकडे.

"नको," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. "माझं पोट भरलंय."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. सौमित्रला पुढचं काही शिकवलेलं नव्हतं. त्याने बिचाऱ्याने पाव पुन्हा पुढे केला. "घे ना यशी." तिने तोंड फिरवलं. पहिल्या रांगेतले पाहुणे हसत होते, पण बाबारावांच्या कपाळावर आठी चढली, आणि ती आठी बघून बेबी दीदी पडद्याआडून बाहेर आली. एका हातात माइक तसाच. दुसऱ्या हाताने तिने पावाचा तुकडा मोडला, "खा गं, खा लवकर," म्हणत पोरीच्या तोंडात कोंबला. यशश्रीला ठसका लागला. पाव बाहेर आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि माइकमधून तो ठसका सगळ्या हॉलभर ऐकू गेला.

विनता स्टेजवर कशी पोचली हे तिचं तिलाही कळलं नाही. तिने पोरीला उचललं, पाठ थोपटली, छातीवर कान ठेवून श्वास ऐकला. श्वास नीट होता. मग तिने बेबी दीदीच्या हातातला माइक घेतला.

"तिला भूक नव्हती," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "ती नको म्हणाली होती. ऐकायला नाही आलं कुणाला?"

"अगं, दोन मिनिटांचा प्रश्न होता…" बेबी दीदी कुजबुजली.

"माझ्या आईला तुम्ही लोकांनी खरंखुरं उपाशी ठेवून इथे बसवलं. तिचं रडणं बघून टाळ्या वाजवल्या. माझ्या पणजीने या भिंतीच्या विटा वाहिल्या, तिचं नावसुद्धा या भिंतीत नाही. आणि आम्ही अजून कटोरे घेऊन बसायचं?"

पाळकसाहेब घाईघाईने उठले आणि त्यांनी गीत सुरू केलं. पेटीवाला सुरात सूर मिळवायला धडपडला. मंडळी उभी राहिली, जशी सवय होती तशी, आणि गायला लागली. विनता स्टेजवर पोरीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. ती हलली नाही. दुष्काळातल्या बाकीच्या पोरांनी तेवढ्यात साहेबाच्या टोपलीतला पाव वाटून घेतला आणि खाऊन टाकला.

गीत संपलं. लोक बसले. बाबाराव एकटे उभे राहिले.

"चलो बेटा, झालं. सगळ्यांनी ऐकलं. आता खाली ये."

"नाही येत. पुढच्या वर्षी दुष्काळात कोण बसणार, ते आधी सांगा."

"ते कमिटी ठरवेल."

"कमिटी इथेच बसली आहे काका. ठरवा."

कमिटीची माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघत राहिली. आणि मग डावीकडच्या बाकांवरून हेमलता उठली. ती चिडलेली आहे हे विनताला लांबूनही दिसलं, पण कुणावर ते कळेना. लेकीने भर मंडळीत तिची भूक उघडी पाडली होती.

"सौमित्रला बसवा," हेमलता म्हणाली. तिला माइक लागला नाही. "बारीकच आहे तो. शनिवारपासून खायला देऊ नका, छान रडेल."

पहिल्या रांगेतून सौमित्रची आई ताडकन उठली. ती स्टेजपाशी धावली, टोपीसकट पोराला दंडाला धरून तिने खाली ओढलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट कवटाळलं, जणू आत्ताच कुणी त्याला उचलून नेणार होतं.

विनताने ते बघितलं. बाबारावांनीही बघितलं.