परातीतलं लाल पाणी

"निघालं! इख निघालं!" बोरगावच्या माळावर एकच गलका उडाला. परातीतलं पांढुरकं पाणी बघता बघता लालभडक झालं होतं आणि त्यात सिद्राम आप्पांचे हळदीचा लेप फासलेले पाय होते. विष उतरलं म्हणून बायकांनी हात जोडले.

लेपवाले महाराज गरजले, "गेल्या जन्माचं नासकं रगत हाय हे! सात गुरुवार या. डॉक्टरच्या गोळ्या तेवढ्या बंद, न्हाय तर इख उलटंल!" गेल्या जन्माचं रक्त या जन्मीच्या पायात कसं उतरलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आप्पांना शोधत आलेली सुविधा मात्र गर्दीतून वाट काढत थेट परातीपाशी गेली. ती निपाणीत नर्स, आणि तिचेच वडील इथे! तंबाखूच्या वखारीत आणि विड्यांच्या धुरात त्यांचं आयुष्य गेलेलं. थोडं चाललं की पोटरी आवळायची. तिने आप्पांचा पाय पुसून पावलावरची नाडी चाचपली. पाय गार होता, नाडी लागत नव्हती.

"परातीत काय घातलंय?"

"गंगाजल!" महाराज म्हणाले.

सुविधाने शेजारच्या भरमाअण्णांची चुन्याची डबी मागून घेतली, तांब्यात चुना कालवला आणि तळहातावर लेपातली हळद घेऊन ते पाणी तिच्यावर ओतलं. हात लालभडक झाला. रोज तंबाखूला चुना लावणाऱ्या गावाला परातीतला चुना ओळखता आला नव्हता.

"पर माझा पाय दुखायचा थांबला न्हवं?" आप्पा कळवळून म्हणाले.

"तुम्ही बसलात म्हणून थांबला. आता चाला बघू."

आप्पा ताठ मानेनं निघाले. गर्दी पावलं मोजू लागली. अडतिसाव्या पावलाला ते पोटरी धरून वाकले.

"श्रद्धा कमी पडली!" महाराज म्हणाले. या खेपेला कुणी मान डोलावली नाही.

"आप्पा, पायाला रगत न्हेणाऱ्या नळ्या आतनं थर बसून बारीक झाल्यात. " सुविधा म्हणाली, "चालताना रगत जास्त लागतं, तेवढं पोचत न्हाय. बसलं की भागतं. आन् असा थर बहुतेकदा काळजाच्या नळ्यांतबी बसतो."

आप्पांचा चेहरा उतरला. "परवा जिना चढताना छातीबी अशीच आवळली गं. महाराज म्हणालं, इख वर चढलंय. म्हणून आज परत आलतो."

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?"

"पयल्या गुरुवारीच महाराजांनी बंद करायला लावल्या. महिना झाला."

सुविधाला रडूही आलं आणि संतापही. तिने त्यांना रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला. तपासणीत कळलं, काळजाला एक झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी त्यांना लगेच दाखल करून घेतलं.

चालताना दुखणारा पाय बसल्यावर दुखायचा थांबला, तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नका. पायाबरोबर काळीजही तपासून घ्या, विडी-तंबाखू सोडा आणि कुणा महाराजाच्या शब्दावर गोळ्या बंद करू नका. आप्पा वाचले, पण त्या महिन्यात काळजाचा जो भाग गेला, तो आता कुणालाच परत आणता येणार नाही.